शेवटचे तीन तास

नळदुर्ग, गुरुवार, दिवेलागण

कन्याकुमारीहून स्कूटरवर एकटीच परत निघाले, त्याला आज बावीस दिवस झाले. इथून ईट गावाला, घरी पोचायला तीनच तास. तरी चार वाजताच लॉजवर खोली घेतली. दमले तर नव्हते. मग का थांबले?

वाटेत सगळीकडं लोक नंबरप्लेट बघून विचारायचे, एमएच पंचवीस म्हणजे कुठलं? एकट्याच? लई वैताग यायचा. आज ढाब्यावर चहाला थांबले, तर बाहेर निम्म्या गाड्या आपल्याच जिल्ह्याच्या, एमएच पंचवीस. कुणी काहीच विचारलं न्हाय. चुकल्यासारखं झालं.

घराची ओढ न्हाय असं न्हाय. आपल्या अंथरुणावर झोपायचंय, सासूबाईंना समुद्र कसा होता ते सांगायचंय. पण...

आत्ता ह्यांचा फोन आला. "कुठवर आलीस? भाजी टाकू का?"

"उद्या येते."

"गाडी बिघडली का?"

व्हय म्हणणार होते. तोंडात आलंच होतं.

"न्हाय, गाडी ठणठणीत हाय. मलाच आज यायचं न्हाय."

मग म्हणाले, "बरं. आईला काय सांगू?"

"हेच सांगा."

फोन ठेवला. छत्तीस वर्षांच्या संसारात कारण न जोडता पहिल्यांदाच न्हाय म्हटलं.