बोटाच्या पाठीनं

३ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

नमस्कार. तब्येत बरी असेल, गुडघा फार त्रास देत नसेल. आम्ही इकडे मजेत. सव्वीस वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बाईनं गुडघ्याची चौकशी करणं म्हणजे जरा अतिच झालं, कळतंय मला. पण सुरुवात कुठून तरी करायला हवी ना! घर बदललं असशील म्हणून हे तुझ्या मासळीच्या गाळ्यावर पाठवतेय. गाळा तिथेच आहे, माहीत आहे. दोनदा रस्त्यापलीकडून बघून गेले. उठताना गुडघा धरतेस.

गेल्या आठवड्यात आम्ही सहलीला गेलो होतो. मी, हे आणि आमचा मुलगा. त्याला नोकरी लागली, तिकिटं त्यानंच काढली. बघायच्या यादीत काय, तर बंदरावरचा मासळीबाजार! मी म्हटलं, मी बसमध्येच बसते, मला वास सोसत नाही. अगं, मला! तर हे गाइडला म्हणाले, "हिला मासळीतलं ओ की ठो कळत नाही, जरा समजावून सांगा." मग उतरले नाकाला रुमाल लावून. नाटक करायचं तर पुरतं करावं.

आत गेल्यावर रुमाल कधी खाली आला कोण जाणे. ओले ओटे, बर्फ फोडल्याचा आवाज, "वाट सोडा, वाट सोडा!" एका बाईच्या पुढ्यात बांगडे होते. आमच्या बसमधला जो तो अंगठ्यानं दाबून बघत होता आणि ती बिचारी मुकाट सोसत होती. मीही हात घातला. पण मी बोट वाकवून, बोटाच्या पाठीनं दाबलं. हातावर चापट मारून तूच शिकवलेलं. नखाचा वण उठला की पुढचं गिऱ्हाईक तो मासा उचलत नाही.

त्या बाईनं सुरी खाली ठेवली. "गिऱ्हाईक असं नाही दाबत," म्हणाली. "कुणाची गं तू?"

तुझं नाव सांगायला असा कितीसा वेळ लागतो? हे शेजारीच उभे. मी हसून म्हटलं, "छे हो, टीव्हीवर बघितलं." ती सुरी उचलून कामाला लागली.

ताई, तिसऱ्यांदा केलं मी हे. पहिल्यांदाचं तुला सांगायला नको, पण एकदा लिहू दे. कॉलेजच्या मैत्रिणी फोटो काढायला बाजारात आल्या होत्या. तुझ्या गाळ्यापुढे उभ्या राहून नाकं मुरडत होत्या आणि मीही त्यांच्यातच. तू माझ्याकडे बघितलंस आणि परक्यासारखं विचारलंस, "काय देऊ बाई?" मला सांभाळून घेतलंस. घरी येऊन लिंबानं दोनदा हात धुतलेस, मला जेवायला वाढलंस, एका शब्दानं बोलली नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं.

पुढे लग्न ठरलं तेव्हा सासरी सांगितलं, आईबाबा गेल्यावर माझं कुणी उरलं नाही. तू जिवंत असताना. कुठल्या तोंडानं माफी मागू?

बसमध्ये मुलगा शेजारी येऊन बसला. "आई, तू खोटं बोललीस ना त्या मासळीवाल्या बाईंशी?" मग मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. पुढच्या सीटवरून यांनीही ऐकलं. अजून धड बोलत नाहीत माझ्याशी, ते माझं मी निस्तरीन. मुलगा मात्र माझ्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "म्हणजे मला मावशी आहे?"

चोवीस वर्षांचा आहे गं तो.

येत्या रविवारी तो गाळ्यावर येतोय. उंच आहे, कपाळ थेट बाबांचं. माझा राग त्याच्यावर काढू नकोस. मी सोबत येणार नाही. त्याच्याकडे निरोप दिलास तर पुढच्या रविवारी येईन. नाही दिलास तरी त्याला मात्र येऊ देत जा. बहीण मी घालवली, मावशी त्यानं नाही घालवली.

जिला तू वाढवलंस ती,
धाकटी