चढावरची हवा

प्रिय खारूताई,

तू सुट्टीत येऊन आपल्या जुन्या गाडीला ते विजेवरचं सुपरचार्जर बसवून गेलीस, तेव्हा बाबांनी अख्ख्या गॅरेजला हसत सांगितलं होतं, "लेकीने इंजिनाला पंखा लावलाय. उकडत असेल बिचाऱ्याला!" तू मुळीच चिडली नाहीस. बॉनेट उघडून दाखवलंस, की ही मोटर हवा दाबून इंजिनात भरते आणि पाय दाबल्याबरोबर जोर मिळतो. बाजारातल्या स्वस्त नकलांना तर तूच नावं ठेवलीस. "त्यांनी फार तर केस वाळतील," म्हणालीस.

खरं सांगू? सपाट रस्त्यावर मला काडीचाही फरक जाणवला नाही. त्याच्या जादा बॅटरीने डिकीतली जागा खाल्ली म्हणून बाबांची कुरकुर चालूच होती. मीही मनात म्हटलं, पोरीची हौस झाली, बास.

मग गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या दवाखान्यात शिंपीदादांची बायको कळा देत आली. बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, लगेच. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. मी बाबांना फोन केला, ते ग्रीसच्या हातांनीच आले. मागे ती आणि मी, पुढे शिंपीदादा.

त्या चढावरचं शेवटचं वळण तुला माहीतच आहे. तिथे गाडी धापा टाकायची आणि आपण दोघी उतरून चालायचो. या वेळी उतरणार कोण? त्यात पुढचा पाण्याचा टँकर नेमका वळणावरच थांबला. बाबांना ब्रेक लावावा लागला. तिने माझं मनगट असं आवळलं की वळ अजून आहेत. टँकर हलला, बाबांनी पाय दाबला, बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि गाडी जी निघाली, ती थेट हॉस्पिटलच्या दारात! ऑपरेशन झालं. मुलगी झाली गं, मायलेकी सुखरूप आहेत.

बाहेर येऊन बघते तर बाबा बॉनेट उघडून उभे. म्हणाले, "तो आवाज असाच राहील ना? विचार तिला. छान आहे." आता गॅरेजमध्ये कुणी पंखा म्हटलं की त्याची खैर नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, कंपनीने तुझं हे सुपरचार्जरचं काम बंद केलं, सगळ्या गाड्या बॅटरीवर जाणार, पुढे इंजिनंच राहणार नाहीत, एवढी वर्षं फुकट गेली, म्हणून राजीनामा देतेयस. मी बोलायला गेले, तर "आई, तुला त्यातलं काय कळतं?" म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र, याला मधेच तोडता येत नाही. इंजिनांचं पुढे काय होईल ते मला खरंच कळत नाही. नोकरी सोडायची तर खुशाल सोड, घर तुझंच आहे. फक्त फुकट गेलं म्हणून सोडू नकोस. त्या मागच्या सीटवर मी बसले होते, तू नव्हतीस.

तुझीच,
आई