आधी तू, मग मी

४ मे
आज काडीचा दिवस! सुई नाही, रक्त नाही – गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही मुलांत दोष लपलेला असतो. एरवी कळतही नाही, पण भूल दिली की हृदय बंद पडतं. तो नाही ना, एवढं बघू. मग भिंगरीला मूत्रपिंड बसवू." मूत्रपिंड माझं. नवऱ्याचं जुळलं नाही, सासूबाईंना मधुमेह. परक्याचं मिळायला वर्षं जातात. उरले मी.

लेकीने तोंड घट्ट मिटलेलं. सात वर्षांची, पण हट्ट सत्तरीचा! कुठलंही औषध असो, तिचं एकच – "आधी तू, मग मी." म्हणून नर्सची पाठ वळली तशी काडी मी माझ्याच गालात फिरवली. "बघ, नुसत्या गुदगुल्या!" लगेच आ केला बाईसाहेबांनी. मग तीच काडी तिच्या गालात, तिथून नळीत. मला वाटलं, काय हुशार मी!

९ मे
भिंगरीची सकाळ रक्त धुवायच्या यंत्रावर गेली. पाय सुजलेत. घरभर गरागरा फिरायची म्हणून भिंगरी. आता पलंगावरून उतरवायलाही मी लागते. नवं मूत्रपिंड बसेपर्यंत पाणी मोजून. "आई, एकच घोट." देत नाही. कसाई झालेय मी.

१७ मे
दोष आहे. आहे, आहे, आहे.

पण रिपोर्ट बघता बघता डॉक्टरीणबाई अडखळल्या. "यात दोन माणसांची लाळ दिसतेय. ती कशी?" काडीचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग दोष हिचा, तुमचा की दोघींचा, कसं कळणार?" दोघींच्या वेगळ्या काड्या घेतल्या.  घरात शिरल्यावर नवरा म्हणाला, "तुला काही अक्कल?" नाही. नाहीच आहे.

१८ मे
सासूबाई म्हणतात, "होईल गं सगळं नीट." कशाच्या जोरावर म्हणतात कोण जाणे! भिंगरीत दोष निघाला तर ऑपरेशन नाही. तिचं हृदय आधीच थकलंय. आणि नुसत्या यंत्रावर ती फार काढणार नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय.

मी कधी देवाला हात जोडत नाही. आज जोडले. सगळा दोष माझ्यात असू दे, तिच्यात कणभरही नको.

२३ मे
फोन नाही. भिंगरी जेवली नाही. मीही.

२६ मे
फोन! भिंगरीत काही नाही!! दोष माझ्या एकटीत. मी स्वयंपाकघरात ओरडले, "सुटलीस गं पोरी!" नवरा ढसाढसा रडला. सासूबाईंनी माझा मुका घेतला – लग्नानंतर पहिल्यांदाच!

२६ मे, दुपारी
ऑपरेशनची तारीख विचारायला मीच फोन केला. डॉक्टरीणबाईंनी आधी मला खाली बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्यात दोष आहे. तुम्हाला भूल देता येणार नाही. तुमचं मूत्रपिंड आम्ही काढू शकत नाही."

"मी सही देते!"

"कितीही सह्या द्या. नाही."

आत भिंगरी सासूबाईंना विचारतेय, "मग मी पाणी कधी पिणार?"