‘रिसीव्ह’चं स्पेलिंग

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झालीत. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजत लिहितोय.

प्रिय ताई,

मी बरा आहे. नळ दुरुस्त झाला. छापखान्यात आता मला मुद्रितं तपासायला देतात. तू गणिताच्या अर्जाचं विचारलं होतंस, त्याकडे येतो.

वाचनालयांसाठीचा तो प्रोग्राम आठवतो ना, कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा असा? त्या मंडळींनी गेल्या महिन्यात मला किरकोळ दुरुस्त्या न विचारता करायची मुभा दिली. आज सकाळी त्यात ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकलेलं दिसलं. आय आधी, ई नंतर! तू फूटपट्टी घेऊन घोटून घेतलेला शब्द. राहवेना. सुधारला, आणि स्पेलिंगच तर आहे म्हणून चालवून न बघता सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये टाकला.

पण ते प्रोग्राममधल्या एका कामाचं नाव होतं. आणखी एक्केचाळीस ठिकाणी त्याला जुन्या, चुकीच्या नावानेच हाक मारलेली. घरात नाव बदलावं आणि शाळेच्या पटावर जुनंच राहावं, तसं झालं. बिल्ड मोडलं, म्हणजे प्रोग्राम जुळून तयारच होईना. सगळ्यांचं काम अडलं.

गटावर एकाने विचारलं, “हे दिवे कोणी लावले?”

खातं बंद करायचं पान उघडलं. एक बटण दाबलं की कुणाला तोंड दाखवायला नको.

नाही दाबलं. लिहिलं, “मी लावले. स्पेलिंग सुधारत होतो.”

ज्यांनी प्रोग्राम सुरू केला त्यांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांचं उत्तर आलं, “अरे मास्तर, ते स्पेलिंग माझं. अकरा वर्षांत कुणी बोललं नाही. न तपासता टाकलंस, एवढी चूक तुझी. आता पळू नकोस. यादी वरून तू धर, खालून मी येतो.”

एकविसाव्या ठिकाणी आमची गाठ पडली. बारा वाजता बिल्ड झालं.

‘पळू नकोस’ हे त्यांनी सहज लिहिलं असेल. ताई, दहावीच्या गणितात मी नापास झालो नव्हतो. पेपरला बसलोच नाही. तू फाटकाशी सोडून वळलीस आणि मी मागच्या दाराने बाहेर पडलो. निकालादिवशी तू म्हणालीस, “माझंच शिकवणं कमी पडलं.” मी ऐकून घेतलं. पाच वर्षं.

अर्ज आजच भरला. पेपरच्या दिवशी ये. रागावलीस तरी ये, आणि मी आत जाईपर्यंत वळू नकोस.

तुझ्या शिकवण्यात काहीही कमी नव्हतं, हे लेखी देणारा
तुझा धाकटा