राबाची राख आणि माझं बोट

सर, आज शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुमची ती आगाऊ विद्यार्थिनी आता शहापूरकडच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि तुमच्यासारखाच अर्धा खडू अंगावर घेऊन घरी जाते.

मुरबाडच्या आपल्या शाळेत तुम्ही समीकरणं जुळवायला शिकवत होतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करायचं होतं. दोन्ही बाजू काही केल्या जुळेनात, म्हणून मी पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी गुपचूप एक छोटा दोन लिहिला आणि वही नाचवत तुमच्याकडे आले. तुम्ही कपाळाला हात लावलात. "जुळलं गो, पण हे पाणी कुठं रायलं? हे पिशील तर तोंड भाजेल. पुढचा मोठा आकडा बदल. खालच्या छोट्याला हात नाय लावायचा." वर्ग खो-खो हसला. मी चिडले, आणि चिडले की माझं तोंड सुटतं. "सर, दोन्हीकडं सारखं असतं हेच खोटं हाय. आमी पेरणीआधी शेतात राब भाजतो, तवा कमरेइतका पाला नि शेण रचतो. मागं राख उरते दोन टोपल्या. बाकीचं गेलं कुठं?" सगळी भातशेतीवाल्यांची पोरं, प्रत्येकाने राब भाजलेला. सगळा वर्ग माझ्या बाजूला आला. "हवेत गेलं," तुम्ही म्हणालात. "नि हवेला काय वजन असतं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "उद्या जळून जड झालेली वस्तू दाखवतो. नाय दाखवली, तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागीन."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुताराकडून बारीक लोखंडी तारेचे बोळे आणलेत. एक काठी मधोमध दोऱ्याने टांगली, दोन्ही टोकांना सारखे बोळे बांधले आणि काडीपेटी माझ्या हातात दिलीत. मी एक बोळा पेटवला. लाल ठिणग्या तारेतून पळत सुटल्या. काठी नुसती थरथरतेय, आणि मला तर वाटतंय की पेटलेलं टोक वरच चाललंय. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही घाम पुसताय. आता हे सगळ्यांसमोर माझी माफी मागणार. भांडण जिंकायचं होतं मला, पण असं नाही. मी पेटलेल्या टोकाकडून काठीवर हळूच बोट टेकवलं. टोक खाली गेलं. "बघा! लोखंडानं हवेतला ऑक्सिजन घेतला!" तुम्ही ओरडलात. पोरांपेक्षा जोरात टाळ्या तुम्हीच वाजवल्यात. वर खिशातलं पेन काढून मला दिलंत. म्हणालात, "प्रश्न विचारलास म्हणून."

शिक्षिका झाल्यापासून हा धडा मी नुसत्या खडूवर शिकवत आले. काठी टांगली आणि नाहीच झुकली, तर तुम्ही खोटे पडाल, ही धास्ती. पण काल आटगावच्या एका मुलीने वर्गात हात वर केला. "मॅडम, आमच्या राबाची राख तर हलकी असते." मी चाटच पडले. आज बोळे घेऊन गेले, माझ्या सरांनीही हाच प्रयोग दाखवला होता असं मुलांना सांगितलं. काठी टांगली, काडी तिच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून लांब उभी राहिले. ठिणग्या पळाल्या. काठी थरथरली, थांबली, आणि मग अगदी सावकाश जळलेलं टोक आपलं आपण खाली गेलं. मुलं ओरडली. मी त्यांच्यापेक्षा जोरात ओरडले. सर, तुमचं बरोबर होतं हो! थोडा धीर धरायला हवा होता, तो माझ्याच्याने धरवला नाही.

मग ती मुलगी काठीखाली उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुमच्या सरांनी केलं, तवा पण काठी अशीच झुकली?"

हे पत्र तुमच्याच पेनाने लिहितेय आणि ते या वहीतच राहणार आहे, म्हणून सांगते. मी तिला म्हणाले, "हो, अशीच."