साउंड कार्डात सापडलेला भूकंप

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार

ती. विमलाताईस,
शामसुंदरचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे सरोजिनी मजेत आहे. माझीही तब्येत बरी, फक्त समोरच्या इमारतीकडे पाहिलं की छातीत जळजळतं. (हे फोनवर लिहिलं असतं, पण तू माझे निरोप घरच्या ग्रुपवर टाकतेस.)

त्या इमारतीतले प्रफुल्लराव तुला आठवत असतील. सगळी नोकरी विमा कचेरीत झाली, आणि आता निवृत्तीनंतर त्यांनी जमिनीचे हादरे मोजायचं तयार यंत्र मागवलं. डब्याएवढी पांढरी पेटी. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की तिच्यात रेघा उमटतात. एवढ्यावर त्यांचा पेपरात फोटो आला. मी एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, माझा फोटो आधार कार्डावर आहे (तोही डोळे मिटलेला).

मग मीही यंत्र करायला घेतलं, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्यातल्या साउंड कार्डाला माइकचं भोक असतं, त्यातून आवाज आत जातो आणि त्याचे आकडे होतात. पण ते कार्ड कानाला ऐकू येईल तेवढंच आत घेतं. जमिनीची संथ लाट दारातूनच परत पाठवतं. यावर मी तोड काढली. कॉम्प्युटरमधून एकसारखी शिट्टी सोडून तिच्यावर एक दिवा लुकलुकवला, समोर उजेड ओळखणारा सेल लावला आणि मध्ये स्प्रिंगला वजन टांगलं. जमीन हलली की वजन हलतं, उजेड अडतो, शिट्टी मंदावते. कार्डाला वाटतं आपण शिट्टी ऐकतोय, मी मात्र त्यातून संथ लाट वाचतो. (हे प्रफुल्लरावांना सात जन्मांत सुचलं नसतं.)

हे सगळं आतल्या खोलीत भिंतीवरच्या फळीवर मांडलं. पहिल्याच दिवशी चार वाजता पडद्यावर सुंदर लाट आली. दर तीन सेकंदांना एक, तासभर. रोज चारला तेच. प्रफुल्लरावांच्या पेटीत यातलं काहीच नाही, हे मी आडून आडून विचारून घेतलं. ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान ठेवून घेतलं, आणि प्रफुल्लरावांना मुद्दाम चार वाजता घरी बोलावलं.

ते आले तर पडदा सपाट. सरोजिनी चहा करायला उठली होती. ते बिचारे बाहेर झोपाळ्यावर टेकले आणि लाट सुरू झाली. मी हाक मारली, ते उठून आत आले, लाट थांबली. असं तीनदा झालं. शेवटी सरोजिनी कपबशा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अहो, झोपाळ्याच्या कड्या तुमच्या फळीच्याच भिंतीवरच्या तुळईत आहेत. रोज चारला मीच बसते."

प्रफुल्लराव हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सर, माझ्या महागड्या पेटीला हे दिसलं नाही. तुमच्या साउंड कार्डाला दिसलं. व्याख्यानात हेच सांगा." मी सांगितलं, आणि लोकांना ते आवडलंही. पण पेपरात फोटो आला त्यात मधोमध प्रफुल्लराव आहेत. माझी कोपरापर्यंतची बाही दिसते.

लहानांना आशीर्वाद.

तुझा,
शामसुंदर

ता. क. तुझ्या सईचा जुना कॉम्प्युटर तुमच्या माळ्यावर आहे, तो मला दुसऱ्या यंत्रासाठी हवा आहे. प्रफुल्लरावही तसलाच शोधताहेत. त्यांनी विचारलं तर भंगारात दिला म्हणून सांग.

आणखी एक. एवढं वजन मला एसटीतून झेपणार नाही. प्रफुल्लराव शनिवारी गाडी घेऊन पुण्याला येताहेत, त्यांच्याकडेच दे. खोक्यात पापड आहेत म्हण, आणि हळू ठेवायला सांग. जेवूनच पाठव, पण साधा वरणभात कर. तुझ्या हातच्या अळूवड्या त्यांना कळायला नकोत.