रात्सिंबाची उशी

मार्सेय बंदर, १८८३

आईस, राणीचा वकील म्हणून परमुलखात आलेल्या तुझ्या रैनिव्हेलोचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, भात मिळतो. पण आपला धाकटा रात्सिंबा जहाजावर तापाने गेला. त्याला मादागास्करला, पितरांच्या थडग्यात आणायचं म्हणून मी कप्तानाचे पाय धरले. तो म्हणाला, "वकीलसाहेब, हे जहाज आहे, स्मशान नाही." तू विणलेलं रेशमी कफन पेटीतून काढेपर्यंतही ते खलाशी थांबले नाहीत. शिडाच्या कापडात गुंडाळून समुद्रात टाकला.

फ्रान्सच्या मंत्र्याने तोंडदेखली हळहळ केली आणि लगेच आपलं बंदर मागितलं. वर राणीसाठी घड्याळ दिलंय. ते मात्र कापसात जपून येतंय.

तुझे गुडघे कसे आहेत? प्रेत सापडलं नाही तर आपण त्या माणसाच्या डोक्याखालची उशी पुरतो, तशी त्याची पूर. फक्त आधी धुऊ नकोस.

तुझा उरलेला मुलगा,
रैनिव्हेलो